बाईंचा मिक्सर

बाई आज असत्या तर हे सगळं त्यांनी मला मोठ्यानं वाचायला लावलं असतं, आणि दुसऱ्याच ओळीला हात वर करून म्हणाल्या असत्या, "लई गोड करायलीस. काप."

म्हणून गोड करत नाही. बाई भांडखोर होत्या, हट्टी होत्या आणि चहा वाईट करायच्या. तीस वर्षं मुलींच्या शाळेत त्यांनी पी.टी. शिकवली होती. निवृत्त होताना शाळेचं स्टॉपवॉच त्यांनी परत केलं नाही. मागायला आलेल्या शिपायाला म्हणाल्या, "तीस वर्षांत माझा जो वेळ गेला, तो ह्याच्यात आहे. तो काढून घे, मग घड्याळ ने." शिपाई परत गेला. ते स्टॉपवॉच शेवटपर्यंत त्यांच्या गळ्यात होतं.

मी पुण्याहून हैदराबादला आले तेव्हा बाजार नुकता खुला झाला होता. पूर्वी ज्या वस्तू कुणाच्या तरी दुबईच्या मामाबरोबर लपतछपत यायच्या, त्या कोठी बाजारातल्या दुकानांत काचेमागे उघड बसू लागल्या होत्या, आणि माझ्यासारख्या मुलींना संगणकाच्या कंपन्या नोकरी देऊ लागल्या होत्या. विद्यानगरात बाईंच्या गच्चीवरची खोली भाड्यानं द्यायची आहे असं कळलं. मी उत्तरं पाठ करून गेले होते. आडनाव, गाव, जेवणखाण, भेटायला कोण कोण येणार. बाईंनी यातलं एकही विचारलं नाही.

"जिना चढून वर जा आणि खाली ये. पळत."

मी आले. त्यांनी माझं मनगट धरलं, स्टॉपवॉचकडे बघितलं.

"चोवीस वर्षांची पोरगी आणि हे असं धापा टाकणं? राहा इथं. सुधारीन."

उंच, वाळक्या, खांदे मागे टाकून चालणाऱ्या. सुती साडी आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. लग्नालाही तेच बूट, देवळातही दारापर्यंत तेच. बोलणं जुन्या निजामी मुलखातलं मराठी. त्यात दखनी आणि तेलुगू कुठं मिसळायचं ते त्यांनाही कळत नसे. मी एकदा त्यांच्या बोलण्यावर हसले तर म्हणाल्या, "तुमचं पुण्याचं मराठी इस्त्री केलेलं. आमचं अंगावर वाळलेलं. हसायलीस कायकू?"

यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. घर त्यांच्या आणि धाकट्या दिरांच्या नावावर निम्मं निम्मं. डावीकडच्या खोल्या बाईंच्या, उजवीकडच्या दिरांच्या, आणि मधे एक लांबलचक खोली, ती सामाईक. दीर सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, आणि आमच्या भागातल्या मराठी मंडळींचं जे सभागृह होतं त्याचे चिटणीस. घरातसुद्धा ते ठराव मांडल्यासारखे बोलत. त्यांची बायको कमलकाकू. बाईंची जाऊ असली तरी मैत्रीण जास्त. एक गुडघा कायमचा दुखरा, चालताना डावा पाय किंचित मागे राहायचा.

त्या मधल्या खोलीत बाईंच्या रेकॉर्डी होत्या. भिंतीभर. येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "साहेबांना संगीताची फार आवड होती वाटतं." बाई भडकायच्या. "त्यांना गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. माणूस चांगला होता, पण रेकॉर्डी माझ्या आहेत." आणि खरंच त्यांच्याच होत्या. लोक तेव्हा कॅसेटी टाकून सीडीकडे निघाले होते, आणि रेकॉर्डी तर रद्दीतच निघत होत्या. रविवारी कोठीच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या शेजारी ढीग पडायचे. बाई तिथं उकिडव्या बसायच्या आणि एकेक रेकॉर्ड उजेडात तिरपी धरून बघायच्या. लावण्या, बँडच्या धुना, सिनेमातली नाचगाणी, तेलुगू कोलाटाची म्हणजे टिपऱ्यांची गाणी, कुठल्या तरी देशातला अॅकॉर्डियन. घरी आणल्यावर स्टॉपवॉच लावून त्या प्रत्येक गाण्याचे ठोके मोजायच्या आणि वेष्टणावर पेन्सिलीनं आकडा लिहायच्या. गायकाचं नाव त्यांच्या लक्षात नसायचं. "एकशे बारा आण गं," म्हणायच्या, "तो नाही, निळा एकशे बारा."

हे ठोके मोजणं शौकापोटी नव्हतं. निवृत्तीनंतर त्यांनी दुपारी तीन वाजता बायकांचा वर्ग सुरू केला होता. गल्लीत सगळ्यांना सांगितलं होतं व्यायामाचा. प्रत्यक्षात बाई त्यांना नाचवायच्या. "व्यायाम म्हटलं की बायकांना औषध आठवतं," म्हणायच्या. "आणि नाच म्हटलं की नवऱ्यांना ताप येतो. म्हणून दारावर व्यायाम लिहायचं आणि आत नाचायचं." मराठी, तेलुगू, एक मारवाडी, दोन मुसलमान अशा बावीस बायका यायच्या. सगळ्यांत दांडगी सरोजम्मा. तिची बसायची जागा खिडकीखाली ठरलेली असायची, आणि तिथंच सगळी अडचण होती.

गाणं संपायचं. बाई रेकॉर्ड उचलणार, दुसरी काढणार, पुसणार, सुई ठेवणार. यात अर्धं मिनिट जायचं. तेवढ्यात सरोजम्मा बसायची. एक बसली की शेजारची बसायची. मग कुणी पदरानं वारा घ्यायची, कुणी सुनेचं सांगायला लागायची, आणि वर्ग संपायचा.

"उभी बाई माझी," बाई म्हणायच्या. "बसलेली बाई घरच्यांची. एकदा बसली की तिला कुकर आठवतो."

मिक्सरचं खूळ मीच त्यांच्या डोक्यात घातलं. आमच्या कंपनीच्या कार्यक्रमाला एका मोठ्या हॉटेलात गेले होते. तिथं एक माणूस रेकॉर्ड फिरवणाऱ्या दोन तबकड्यांमध्ये उभा राहून गाणी लावत होता आणि एकातून दुसरं गाणं असं निघत होतं की जोड कळत नव्हता. दुसऱ्या दिवशी मी हे सहज सांगितलं. बाई ताक घुसळत होत्या. हात थांबला.

"मधे थांबतच नाही?"

"नाही."

"अर्धा मिनिटसुद्धा नाही?"

त्याच दुपारी त्या कॅनव्हासचे बूट घालून त्या हॉटेलात गेल्या. एकट्याच. दरवानानं अडवलं असणार, पण बाईंना अडवणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. तो गाणी लावणारा माणूस, केस रंगवलेला, पन्नाशीचा, त्यांना आत घेऊन गेला आणि तासभर सगळं दाखवत बसला. हॉटेलात सीडीचं नवं यंत्र येत होतं, त्याची नोकरीही राहील की नाही ठाऊक नव्हतं. संध्याकाळी बाई रिक्षातून उतरल्या त्या हॉटेलची टाकून दिलेली तबकडी मांडीवर घेऊनच. घरची जुनी पेटीवजा एक आणि ही एक, अशा दोन झाल्या. आता या दोघींना जोडणारा मिक्सर हवा होता.

बाईंनी अट घालून घेतली. एका महिन्याच्या पेन्शनीत यायला हवा. वर एक पैसा नाही.

पहिली फेरी बेगम बाजारात झाली, कारण बाई दर महिन्याचा किराणा तिथून आणायच्या आणि त्यांचा ठाम समज होता की जे बेगम बाजारात मिळत नाही ते जगात नसतं. ओळखीच्या व्यापाऱ्याला म्हणाल्या, "मिक्सर होना." त्यानं कौतुकानं तीन भांड्यांचा काढून पुढं ठेवला. म्हणाला, इडलीचं पीठ दहा मिनिटांत. बाईंनी तो उलटासुलटा करून बघितला. "इसमें हेडफोन किधर लगता?" तो व्यापारी पुढं कित्येक महिने मला बघून हसायचा.

मग कोठी. आम्ही दोघी रिक्षात, मांडीवर ती जड तबकडी, बाईंच्या पिशवीत तीन रेकॉर्डी. मी म्हटलं, "आधी नुसतं बघून येऊ ना, हे कशाला बरोबर?" तर म्हणाल्या, "चप्पल घ्यायला जाताना पाय घरी ठेवून जातेस का?"

पहिल्या दुकानदारानं झगमगता मिक्सर लावला, माईक तोंडाशी धरला आणि "हॅलो" म्हणाला. त्याचे सात हॅलो झाले. "एको है अम्मा, एको! शादी में पब्लिक पागल हो जाती."

"भाई," बाई म्हणाल्या, "मेरेकू गाना बजाना है. बावडी में नहीं गिरना."

दुसऱ्या दुकानात परदेशी माल होता. इतकी बटणं की माझे डोळे दिपले. बाईंनी एकेका बटणावर बोट ठेवून ते कशाचं म्हणून विचारलं. दुकानदाराला निम्म्यांची नावं येत नव्हती. किंमत ऐकून मी दाराकडे वळले. बाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "जो तेरेकू मालूम नहीं, उसके पैसे मेरे से लेता क्या?"

तिसऱ्या दुकानात मला आशा वाटली. इथलाच बनवलेला, सहा माईक जोडता येतील एवढा मिक्सर, आणि पेन्शनीत बसणारा. मी म्हटलं, घ्या. बाई म्हणाल्या, लावून दाखव. दुकानदारानं तोंड वाकडं करून आमची तबकडी जोडली. गाणं आलं, पण शेजारच्या गल्लीतून यावं तसं. त्यानं आवाज वाढवला तर गाण्यापेक्षा घूंऽऽ असा भुंगाच मोठा. मग त्यानं वायर काढून माईकच्या भोकात घातली. आता गाणं गर्जत आलं, पण पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं, ढोलकी कुठं ऐकूच येईना.

"रिकार्ड खराब है अम्मा," तो म्हणाला. "और रिकार्डां तो मर गए अब. सीडी लो, आराम से बैठो."

बाई वळल्या.

"मर गए? मेरे घर में आना तीन बजे. बावीस औरतां नाचती उन मरे हुओं पे. तेरी सीडी पे तेरी अम्मा कभी नाची?"

दुकानदारानं वायर गुंडाळायला घेतली. बोलला तो पायरीवर बसलेला एक म्हातारा, अॅम्प्लिफायर दुरुस्त करणारा. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यानं हातातली कथिलाची तार खाली ठेवली आणि म्हणाला, "बहेन, रिकार्ड अच्छा है. मशीन अच्छी है. बीच का डब्बा गलत है."

मग त्यानं सांगितलं. या तबकडीच्या सुईचा आवाज तान्ह्या मुलासारखा, अगदी बारीक. आणि रेकॉर्डवर खोबणी कोरतानाच तिच्यातला खर्ज दाबतात आणि टीप चढवतात, नाहीतर सुई खोबणीत राहणार नाही. तो दाबलेला खर्ज वर काढायचं आणि बारीक आवाज मोठा करायचं काम मिक्सरमधल्या एका खास खान्याचं. त्याला फोनो म्हणतात. "जिसमें फोनो नहीं, उसकू रिकार्ड मत दिखाना." आणि तबकडीतून एक सुटी बारीक तार निघते, ती मिक्सरच्या पाठीवरच्या स्क्रूला आवळायची, मग भुंगा मरतो. तो स्क्रू नसेल तर तिथूनच सलाम करून निघायचं. घरची जुनी पेटी मात्र वेगळ्या जातीची, तिची सुई आवाजानं दणकट. तिला फोनो चालणार नाही, साधं भोकच पाहिजे.

बाईंनी पिशवीतून शाळेची हजेरीवही काढली आणि सगळं लिहून घेतलं. म्हाताऱ्याला दोनदा म्हणायला लावलं. तो खूश झाला. त्याला इतक्या वर्षांत कुणी काही विचारलं नसावं.

तिथून पुढं दर दुकानात बाई मिक्सर समोरून बघायच्याच नाहीत. हातात घ्यायच्या आणि उलटा फिरवायच्या. दुकानदार म्हणायचा, "अम्मा, सामने से देखो, लाइटां देखो." बाई म्हणायच्या, "पीठ दिखा." मला म्हणाल्या, "मुलगी बघायला येणारे लोक नाक-डोळे बघतात. शाळेत मी पोरींची पाठ बघायची. पोर उभी राहणार का पडणार, ते पाठ सांगते."

चार शनिवार गेले. मी कंटाळले होते, बाई ताज्या होत्या. पाचव्या शनिवारी एका दुकानाच्या माळ्यावरून धूळ खाल्लेला एक डबा खाली आला. गिऱ्हाइकानं परत केलेला. का? त्याला दिवे नव्हते, एको नव्हता. काळा, चपटा, शाळेच्या कंपासपेटीसारखा. बाईंनी उलटा केला. दोन बाजूंना दोन खाने, प्रत्येकाला एक छोटी कळ. इकडे केली की फोनो, तिकडे केली की साधं. मधोमध पितळी स्क्रू. पुढं प्रत्येक तबकडीचा आवाज वेगळा कमीजास्त करायला एकेक गोल बटण, हेडफोनचं भोक, आणि खाली एक आडवी सरकपट्टी. ती डावीकडे सारली की डावं गाणं, उजवीकडे सारली की उजवं, मधे ठेवली की दोन्ही. बस, एवढंच.

बाईंनी एका खान्याला आमची तबकडी, दुसऱ्याला दुकानातलं कॅसेटचं यंत्र जोडायला लावलं, दोन्ही सुरू केली, डोळे मिटले आणि ती पट्टी दहा मिनिटं इकडून तिकडे सारत राहिल्या. अगदी हळू. मधोमध एके ठिकाणी खर्र झालं. त्यांनी डोळे उघडले, मला पायरीवरच्या म्हाताऱ्याकडे पिटाळलं. तो आला, स्पिरिटचे दोन थेंब सोडले, पट्टी वीसेक वेळा हलवली. खर्र गेलं. आता रेकॉर्डवरची लावणी कॅसेटवरच्या गाण्यात अशी शिरली की जोड कळेना.

"अम्मा, इसमें कुछ बी नहीं है," दुकानदार अजूनही प्रामाणिकपणे म्हणत होता.

"हौ," बाई म्हणाल्या. "इसीच के वास्ते."

पेन्शनीत आला. म्हाताऱ्याचा चहाही त्यातच झाला.

हात बसायला तीन आठवडे लागले. पहिल्या आठवड्यात दोन गाणी एकमेकांवर आदळायची, एका गल्लीत दोन वराती समोरासमोर आल्यासारखी. पण बाईंकडे पेन्सिलीचे आकडे होते, आणि तीस वर्षांचा कदमताल पायात होता. एका कानाला हेडफोन, दुसरा कान वर्गाला, डावं बोट तबकडीच्या कडेला टेकवून तिला किंचित रोखायच्या, तोंडानं एक-दोन-तीन-चार, आणि चारला पट्टी सरकायची. "एक ओरडणारी, एक पुटपुटणारी," म्हणायच्या. "दोघींना एका पायावर आणायचं. तीस वर्षं दुसरं काय केलं?"

तिसऱ्या आठवड्यात एके दिवशी पहिल्यांदाच चाळीस मिनिटं गाणं तुटलं नाही. सरोजम्मा घामानं न्हाली होती. "बाईगारू, आगंडी! थोडं थांबा हो!"

"गाणं थांबलं की थांबायचं."

"गाणं थांबेना की ओ!"

"मग?" बाई म्हणाल्या.

कमलकाकू आपल्या स्वयंपाकघराच्या दाराशी पडद्याआड उभ्या राहून बघायच्या. त्या वर्गात येत नसत. दिरांना आवडायचं नाही. चिटणिसाची बायको गल्लीतल्या बायकांबरोबर नाचते म्हटल्यावर लोक काय म्हणतील? बाईंनी त्यांना एकदाच बोलावलं. काकू गुडघ्याकडे बोट दाखवून हसल्या. बाईंनी पुन्हा विचारलं नाही, पण पडदाही कधी पुरता ओढू दिला नाही.

मग सभागृहाचं वार्षिक संमेलन आलं. बाईंनी वर्गाचा कार्यक्रम मागितला. दिरांना सरळ नाही म्हणता येईना, कारण कार्यकारिणीतल्या निम्म्या लोकांच्या बायका-मुलींना बाईंनी शाळेत शिकवलं होतं. ते कागद घेऊन मधल्या खोलीत आले. मी तिथंच होते.

"वहिनी, व्यायामाचं प्रात्यक्षिक म्हणून मंजूर केलंय. रेकॉर्ड लावून. रेकॉर्ड वाजायची थांबली की कार्यक्रम समाप्त. असं लिहिलंय इथं."

त्यांना ठाऊक होतं, एक गाणं म्हणजे तीन-चार मिनिटं. मिक्सर म्हणजे काय ते त्यांनी कधी बघितलं नव्हतं. दुपारी तीनला ते वाचनालयात असत.

"पुन्हा वाचा भाऊजी."

त्यांनी पुन्हा वाचलं.

"रेकॉर्ड थांबली की समाप्त," बाई म्हणाल्या. "कबूल. सही कुठं करू?"

रविवारची दुपार. सभागृह भरलेलं. बावीस बायका पदर खोचून रंगमंचावर, बाई कोपऱ्यात टेबलामागे. प्रमुख पाहुणे भाषणाचे कागद मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत. पहिलं गाणं संपत आलं तसे दीर माईक घेऊन पायरीवर चढले. आभार मानायला तोंड उघडलं आणि बाईंचा हात सरकला. लावणीतून बँड निघाला. दीर उतरले. दुसरं गाणं संपत आलं, पुन्हा चढले. बँडमधून कोलाट निघालं. प्रेक्षकांत हशा सुरू झाला. तिसऱ्या वेळी लोक दिरांनाच बघत होते. चौथ्या गाण्याला त्यांचा चेहरा काळानिळा झाला. ते बाजूच्या दाराशी गेले आणि त्यांनी मेन स्विच खाली ओढला.

गाणं घरंगळत खाली गेलं आणि मेलं. दिवे गेले, पंखे थांबले. खिडकीतला उजेड तेवढा राहिला.

"थांब!" बाईंचा मैदानावरचा आवाज आला. "जिथं आहे तिथं!"

बावीस बायका हात वर, एक पाय उचललेला, अशा थिजल्या. एकही बसली नाही. सरोजम्माची पोटरी थरथरताना मला दिसत होती. दीर रंगमंचावर आले आणि माईकमध्ये बोलू लागले. पण वीज त्यांनीच घालवली होती. ओठ हलताना दिसत होते, तिसऱ्या रांगेपुढं शब्द जात नव्हता. पाहुणे कागदांनी वारा घेत होते.

किती वेळ गेला सांगता येत नाही. प्रेक्षकांतल्या बायकांच्या रांगेतून कुणीतरी उठलं. कमलकाकू. भिंतीला हात लावत, डावा पाय ओढत, सगळ्यांदेखत त्या बाजूच्या दारापर्यंत चालत गेल्या. स्विच उंचावर होता. चवड्यांवर उभ्या राहिल्या आणि दोन्ही हातांनी वर ढकलला.

तबकड्या गुरगुरत फिरल्या. सीडी असती तर पहिल्यापासून लावावी लागली असती. सुई मात्र खोबणीतच होती. गाणं खोल विहिरीतून वर आल्यासारखं चढत गेलं आणि ज्या शब्दावर तुटलं होतं त्याच शब्दाच्या उरलेल्या अर्ध्यावर उभं राहिलं. बावीस पाय एकदम जमिनीवर आले. सभागृह उसळलं. त्या गदारोळात चालू झालेल्या माईकमधून दिरांचं "समाप्त झाला असे" एवढंच ऐकू आलं.

कार्यक्रम पाऊण तास चालला.

चार दिवसांनी कार्यकारिणीचं पत्र आलं. बाईंनी लेखी दिलगिरी व्यक्त करावी, अन्यथा सभागृहाचा वापर करता येणार नाही. मला वाटलं, मी मदत करावी. दोन मोघम ओळी लिहून आणल्या, कुणाचीच मान खाली जाणार नाही अशा.

बाईंनी त्या वाचल्या. "चांगलं लिहितेस," म्हणाल्या. "बावीस बायका एका पायावर उभ्या होत्या. त्यांच्या वतीनं मी माफी मागू? त्या पायाची?" माझा कागद घडी करून मला परत दिला. मला तेव्हा जी लाज वाटली ती अजून आहे. पत्राच्या पाठीवर त्यांनी पेन्सिलीनं लिहिलं, "मिळालं," आणि पाठवून दिलं.

त्यानंतर दिरांनी वाटणी मागितली. मधल्या खोलीतून भिंत घालायची. बाई वकिलाकडे गेल्या नाहीत. निम्मं त्यांचं आहे, घेऊ देत, म्हणाल्या. गवंडी आले, विटा रचू लागले. ते चार दिवससुद्धा वर्ग झाला. सिमेंटची धूळ, थापीचा खणखणाट, आणि त्या पलीकडे बाई एका कानाला हेडफोन लावून मोजत होत्या. भिंत पुरी झाली तेव्हा त्यांनी उरलेली खोली पावलांनी मोजली. अकरा बायका मावत होत्या.

"मग दोनदा," त्या म्हणाल्या. "तीनला अकरा, चारला अकरा."

काकूंचं येणंजाणं बंद झालं. स्वयंपाकघराचं दार पलीकडे गेलं, पडदाही गेला. गल्लीत भेटल्या तर काकू मान खाली घालून जायच्या, मागे दीर असायचे. बाई त्याबद्दल बोलत नसत. रेकॉर्डी पुसताना मात्र त्यांचा हात पूर्वीपेक्षा जोरात चालायचा.

महिना-दीड महिना गेला असेल. मला अर्ध्या दिवसाची सुट्टी होती, मी तीनच्या वर्गात होते. कोलाट चाललं होतं. मधेच बाईंनी कानावरचा हेडफोन खाली ओढला, मान वाकडी केली. मग दोन्ही गोल बटणं हळूहळू खाली आणली. आम्ही चपापलो. बाई आणि आवाज कमी करतात?

"पाय थांबवू नका," त्या हलकेच म्हणाल्या. "पण हळू टाका."

तेव्हा ऐकू आलं. नव्या भिंतीच्या पलीकडून. धप्, आणि मग थोडं मागे राहून, टप्. धप्, टप्. एक पाय भक्कम, एक पाय रेंगाळणारा. पण चारला दोन्ही ठोक्यावर येत होते.

सरोजम्मानं पदर तोंडाला लावला. बाई आठ ठोके ऐकत उभ्या राहिल्या. मग मला आणि सरोजम्माला खूण केली. आम्ही दोघींनी स्पीकरची ती जड पेटी उचलली आणि बाईंनी बोट दाखवलं तिथं ठेवली, तोंड भिंतीकडे करून.

बाईंनी बटणं वर नेली. पूर्वी कधी नेली नव्हती इतकी. मग आमच्याकडे पाठ करून, त्या कोऱ्या चुन्याच्या भिंतीसमोर खांदे मागे टाकून उभ्या राहिल्या आणि शाळेच्या मैदानावरून हाक मारावी तशा ओरडल्या,

"गुडघा येतो तेवढाच वर! पण थांबायचं नाही कमल! दोन, तीन, चार!"